आधी कान, मग ईक्यू

“ही ढोलकी न्हाई गं पोरी. रिकामं डबडं हाय हे.”

मामा एवढंच बोलले आणि त्यांनी चहाचा कप परत उचलला. गेल्या नाताळच्या आधीची गोष्ट. सुरतेत उधन्याला आमच्या घरी मी लॅपटॉप उघडून बसले होते. आमच्या चर्चच्या मराठी कॅरोल ग्रुपमध्ये ढोलकी वाजवणारा दादा त्या महिन्यात रात्रपाळीला होता, त्याला तालमीला येणं जमत नव्हतं. म्हणून ठेका मी ड्रम सिंथेसायझरवर तयार करायचा असं ठरलं. ड्रम सिंथ म्हणजे असं सॉफ्टवेअर, ज्यात कुठल्याही वाद्याचं रेकॉर्डिंग नसतं, आवाज मुळापासून गणिताने तयार होतो. तीन रात्री जागून मी ढोलकी ‘बनवली’ होती. हेडफोनवर ती मला झकास वाटत होती. आणि मामा म्हणाले, डबडं.

मला राग आला. मामा काही साधे श्रोते नाहीत. श्रीरामपूर तालुक्यातल्या आमच्या गावी तरुणपणी त्यांनी भजनाला, लग्नाला, हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला चालत जाताना ढोलकी वाजवलेली आहे. पण नंतरची सत्तावीस वर्षं त्यांनी सुरतेत पॉवरलूमवर काढली. आता त्यांना कमी ऐकू येतं. तेव्हा दोष त्यांच्या कानांचाच असणार, असं मी मनातल्या मनात म्हटलं. तो विचार किती बरोबर होता आणि किती चुकीचा, हे कळायला मला दोन आठवडे लागले. त्या दोन आठवड्यांत माझं एक मत तयार झालं, ते इथे मांडते: ईक्यू, म्हणजे इक्वलायझर, हे ऐकणाऱ्यासाठी आवाजात जागा करायचं साधन आहे. आपण मात्र ते आवाज ‘भारी’ करायचं यंत्र समजतो. आणि ऐकणारा कोण हे ज्याने ठरवलेलं नाही, त्याने त्या नॉबला हात लावू नये.

ज्यांनी ईक्यू फक्त मोबाइलच्या म्युझिक ॲपमध्ये पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. खालचे आवाज जाड, वरचे बारीक. ईक्यू या सगळ्या पट्ट्यातला हवा तो भाग वेगळा धरून वाढवतो किंवा कमी करतो. त्याचे मुख्य नॉब तीनच. कुठे, ते हर्ट्झमध्ये. किती, ते डेसिबलमध्ये. आणि केवढ्या रुंदीत, त्याला ‘क्यू’ म्हणतात. क्यू जास्त तेवढी कात्री अरुंद.

आता मी काय केलं होतं ते बघा. ड्रमच्या ईक्यूची एक ठरलेली पाककृती आहे, कुठल्याही व्हिडिओत तीच सापडते. ६० हर्ट्झला वाढवा म्हणजे वजन येतं. ३०० च्या आसपास कापा, कारण तिथे चिखल असतो. ४,००० ला वाढवा म्हणजे ठोक्याला टोक येतं. मी तंतोतंत तसंच केलं. ६० ला ६ डेसिबल वर, ३०० ला ६ डेसिबल खाली, ४,००० ला ५ वर. स्क्रीनवर छान हसऱ्या तोंडासारखी रेघ दिसत होती.

ही पाककृती खोटी नाही. ती किक आणि स्नेअरसाठी लिहिलेली आहे, बाजूला दोन गिटार वाजत असतात अशा बँडसाठी. तिथे ३०० च्या आसपास गिटारची आणि माणसाच्या आवाजाची गर्दी असते, किकने तिथून बाजूला व्हावं हे बरोबरच. पण ढोलकी म्हणजे किक नाही. ढोलकीला स्वतःचा सूर असतो.

सूर असतो म्हणजे काय, हे समजायला शास्त्राकडे जावं लागतं. साध्या, सगळीकडे सारख्या जाडीच्या गोल चामड्यावर थाप मारली की मूळ सुराच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे वेडेवाकडे उपसूर निघतात. ते एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून आपल्याला सूर न ऐकू येता नुसता ‘धप्प’ ऐकू येतो. आपल्याकडच्या तबला-मृदंगांवर मधोमध जो काळा लेप असतो, ज्याला आपण शाई म्हणतो, तो हे उपसूर ओढून दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सरळ नात्यात आणतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये यावर ‘नेचर’मध्ये लिहिलं आणि १९३४ मध्ये सविस्तर निबंध लिहिला. ढोलकीच्या उजव्या पुडीवर तीच शाई असते. म्हणून ती गाणाऱ्याच्या सुरात मिळवता येते आणि लावणीत ती नुसता ताल धरत नाही, गाण्याबरोबर बोलते.

आमचं कॅरोल काळी एकमध्ये होतं. म्हणजे षड्ज साधारण २७७ हर्ट्झ. ढोलकीच्या शाईच्या पुडीचा मूळ सूर मी सिंथमध्ये तिथेच बसवला होता. एवढी अक्कल होती मला. आणि मग मीच ३०० ला कात्री चालवली होती. २७७ हे ३०० च्या इतकं जवळ आहे की त्या रुंद कात्रीत सापडून ते जवळजवळ पूर्ण ६ डेसिबलने खाली गेलं. ज्याला व्हिडिओतला माणूस चिखल म्हणत होता, तो माझ्या ढोलकीचा ‘सा’ होता. मामांना डबडं ऐकू आलं, कारण मी त्यांना डबडंच ऐकवलं होतं.

ही झाली अर्धी चूक. उरलेली अर्धी ४,००० हर्ट्झवर होती.

मामांच्या कानांची तपासणी मागच्या वर्षी झाली. त्या तपासणीचा आलेख, ऑडिओग्राम म्हणतात तो, घरी फाइलमध्ये पडला होता. रागाच्या भरात मी तो काढून पाहिला आणि गप्प बसले. तो हुबेहूब ईक्यूच्या रेघेसारखा दिसतो. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. रेघ १,००० पर्यंत बरी चालते, २,००० नंतर उतरते आणि ४,००० ला विहिरीत पडल्यासारखी खाली जाते. सततच्या गोंगाटाने कान जातात ते बहुधा असेच, आधी ३,००० ते ६,००० च्या पट्ट्यात आणि सगळ्यात खोल ४,००० च्या जवळ. धोट्याचा लूम मिनिटाला दीडशेच्या आसपास ठोके मारतो आणि एका शेडमध्ये असे कितीतरी लूम शेजारी शेजारी चालतात. तिथला आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो. दिवसाचे आठ तास ८५ डेसिबलमध्ये काढले तरी कानांची काळजी घ्यायला हवी असं शास्त्र सांगतं. मामा बारा तास काढायचे, कानात कापूस घालून. कापसाने फारसं काही अडत नाही.

म्हणजे माझ्या आधीच कुणीतरी मामांच्या कानांवर ईक्यू लावून ठेवला होता. त्यांना विचारलं तर ते म्हणतात, “ऐकू येतं गं, पण कळत न्हाई.” हे अगदी खरं आहे. बोलण्यातले स्वर खालच्या पट्ट्यात असतात, ते पोहोचतात. स, श, फ, ट यांची धार वरच्या पट्ट्यात असते, ती गळते. ढोलकीतही तसंच. बोटांच्या ठोक्याचं टोक मी ४,००० ला नेऊन ठेवलं होतं, जिथे मामांना काही मिळत नाही. शरीर २७७ ला होतं, ते मी कापलं होतं. राहिलं काय? ६० हर्ट्झची ढुम्म. माझ्या दोन्ही चुका नेमक्या त्यांच्यावर येऊन पडल्या.

आणि हे एकट्या मामांचं नाही. सुरतेतल्या मराठी वस्त्यांत, लिंबायतला, उधन्याला, डिंडोलीला, पन्नाशीच्या पुढचे किती काका-मामा लूमवरून आलेले आहेत, मोजून पाहा. जळगाव, धुळे, नंदुरबारहून ताप्ती लाइनच्या गाडीने आलेली ही माणसं. आमच्या कॅरोलचे निम्मे श्रोते तेच होते. मी मात्र मिक्स करत होते माझ्या एकवीस वर्षांच्या कानांसाठी आणि माझ्या हेडफोनसाठी.

मग दुसऱ्यांदा बसले. यावेळी आकडे बाजूला ठेवले आणि मामांना शेजारी बसवलं. ते हर्ट्झमध्ये बोलत नाहीत, मराठीत बोलतात. आणि इथे आपल्या वाङ्मय मंडळाला रस वाटेल अशी एक गोष्ट घडली. माझ्या लक्षात आलं की ईक्यूचा अख्खा नकाशा मराठीत आधीपासून आहे. मामा म्हणाले “बद्द वाजतंय”, की वरचं कमी आहे. “कोंदलंय” म्हणाले, की दोनशे-चारशेच्या पट्ट्यात दोन वाद्यं एकमेकांच्या अंगावर पडली आहेत. “घुमत न्हाई” म्हणजे शंभरच्या आसपास पोकळी. “पत्र्यावानी” म्हणजे सातशे-आठशेपासून हजारापर्यंत काहीतरी उगाच वर आलंय. “चिरकं” म्हणजे तीन-चार हजार टोचतंय. आणि “खणखणीत” म्हणजे झालं, आता हात लावू नको. असे शब्द गवयांनी, वाजवणाऱ्यांनी, भांडं विकत घेताना टिचकी मारून बघणाऱ्या बायकांनी घडवले आहेत. आपण मात्र ‘मडी’, ‘बॉक्सी’, ‘हार्श’ शिकतो आणि वर म्हणतो की मराठीत तांत्रिक शब्द नाहीत.

मामांच्या शब्दांवर चालून मी चार गोष्टी शिकले. त्या नियम म्हणून सांगत नाही, मत म्हणून सांगते.

पहिली, जे उगमाशी सुधारतं ते ईक्यूने सुधारू नये. रेकॉर्डिंग असेल तर ईक्यूशिवाय फारसा इलाज नसतो, पण सिंथमध्ये आवाज आपणच जन्माला घालतो. ठोका फार खरखरीत आहे? मग त्यातल्या नॉइजची पातळी कमी करा, वरचा पट्टा कापत बसू नका. आणि काही गोष्टी तर ईक्यूच्या हातातच नसतात. सिंथमधला तयार किकचा सूर वरून खाली घसरतो. ढोलकीचा वादक डाव्या पुडीवर हाताची टाच दाबत घुमारा काढतो, तेव्हा सूर खालून वर चढतो. ही दिशाच उलटी आहे. ती सिंथच्या पिच एन्व्हलपमध्ये फिरवावी लागते. मी तीन रात्री जे ईक्यूत शोधत होते, ते तिथे नव्हतंच.

दुसरी, वाढवण्याआधी कापा, पण दुसऱ्याचं कापा. ढोलकी ऐकू येत नाही म्हणून ढोलकी वाढवायची, मग कीबोर्ड दबला म्हणून कीबोर्ड वाढवायचा, मग आवाज गेला म्हणून गायक वाढवायचा. ही स्पर्धा संपत नाही. मी ढोलकीचा २७७ परत दिला आणि कीबोर्डच्या डाव्या हाताला त्याच जागी ३ डेसिबलची अरुंद चीर दिली. कीबोर्डचं काही बिघडलं नाही आणि ढोलकी पुढे आली. डाव्या पुडीलाही दोनशेच्या वर थोडं कमी केलं, म्हणजे ती शाईच्या पुडीच्या अंगावर येत नाही.

तिसरी, जो पट्टा ऐकणाऱ्याकडे नाही, तिथे ओतत बसू नका. मामांसाठी ४,००० अजून वाढवावं असं मला आधी वाटलं होतं. तसं केलं तर असे कान बऱ्याचदा आधी काहीच देत नाहीत आणि मग एकदम टोचायला लागतं, शिवाय बाकीच्यांचं डोकं उठतं ते वेगळंच. त्याऐवजी ठोक्याचं टोक मी खाली, दीड हजाराच्या जवळ आणलं, २ डेसिबल, रुंद. तिथे मामांचा कान अजून जागा आहे. आमच्या ग्रुपमधल्या लहान मुलांनाही काही खटकलं नाही.

चौथी, ज्यावर वाजणार त्यावर ऐका. कॅरोल शेवटी व्हॉट्सॲपवरच फिरणार होतं. मोबाइलच्या स्पीकरमधून ६० हर्ट्झ जवळजवळ येतच नाही. म्हणजे मी वाढवलेले ते ६ डेसिबल कुणाला ऐकू येणारच नव्हते, पण जागा मात्र खाणार होते. ६ डेसिबल म्हणजे चौपट शक्ती. जे ऐकू येत नाही त्याला चौपट द्यायचं आणि मग बाकीचं सगळं दाबून बसवायचं, हा हिशेब कुठल्याही घरात चालणार नाही.

आता दोन आक्षेप येणार हे मला माहीत आहे. दोन्ही मी घरातच ऐकले आहेत.

पहिला माझ्या चुलतभावाचा. “जमाना बासचा आहे. लोकांना छातीत ठोका पाहिजे.” हे खोटं नाही. मिरवणुकीत डीजेसमोर नाचताना ५० हर्ट्झ छातीत बसतो त्यात मजा असते, मीही नाचलेली आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. सगळ्याच वाद्यांना तोच एक बास दिला की हलगी, ढोलकी, संबळ आणि परदेशी किक यांच्यात फरक उरत नाही. हलगीचा तडतडाट म्हणजेच हलगी, तो गेला की नाव तेवढं राहतं. आणि बासची एक बाजू क्वचितच कुणी सांगतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ही मर्यादा ज्या ‘ए’ मापाने मोजतात, त्या मापातच एक ईक्यू बसवलेला आहे. ते माप ५० हर्ट्झचा आवाज जवळपास ३० डेसिबल कमी धरून मोजतं, कारण मंद आवाजात माणसाचा कान खालच्या पट्ट्याला कमी दाद देतो. म्हणजे ज्या आवाजाने शेजारच्या आजींची खिडकी थरथरते, तो कागदावर बराचसा गायब होतो. मीटरचाही कान असतो, आणि तो कुणाचा आहे हे विचारावं लागतं.

दुसरा आक्षेप आमच्या ग्रुपमधल्या एका काकांचा. “मशीनवर ढोलकी करायचीच कशाला? देवाच्या घरात खोटं वाद्य?” त्यांचा आदर ठेवून मला हे पटत नाही. १९६३ च्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनेवरचा दस्तऐवज आला. त्याने लोकभाषेला आणि त्या त्या मुलखातल्या संगीताला दार उघडलं. आज मिस्सेत ढोलकी वाजते ती त्या दारातून आली. आणि यंत्राबद्दल म्हणाल तर टीआर-८०८ हे प्रसिद्ध ड्रम मशीन १९८० मध्ये आलं, त्यातही रेकॉर्डिंग नव्हतं, सगळे ठोके विजेच्या सर्किटमधून निघायचे. १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी तेच मशीन घेऊन दहा रागांचा एक अल्बम केला, जो पुढे कित्येक वर्षांनी जगाने डोक्यावर घेतला. यंत्र हाती घेतल्याने राग खोटे झाले नाहीत. ते कानाने हाताळलं की नाही, एवढाच प्रश्न असतो. माझी पहिली ढोलकी खोटी होती ती सॉफ्टवेअरमुळे नाही, मी कुणाचंच ऐकलं नव्हतं म्हणून.

तरी काकांचं एक म्हणणं मला मान्य आहे. दादाची पाळी बदलली की ढोलकी तोच वाजवेल. माझा ट्रॅक त्याच्या गैरहजेरीतली सोय आहे, त्याच्या जागी बसणारा माणूस नाही.

आपण साहित्याचे विद्यार्थी वर्गात बसून ‘वाचक कोण’ यावर पानं भरतो. पण जिथे ऐकणारा समोर सोफ्यावर बसलेला असतो, तिथे त्याला न विचारता आपण हेडफोन लावतो. आपल्या मंडळात सध्या बरेच जण पॉडकास्ट करतात, कवितावाचनाला मागे ठेका लावतात, अभिवाचनाच्या क्लिप टाकतात. त्या सगळ्यांना माझी एकच विनंती आहे. पुढची फाइल पाठवायच्या आधी ती घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला, साध्या मोबाइलवर, पंखा चालू असताना ऐकवा. ते मराठीत जो शब्द वापरतील तो लिहून ठेवा. मग ईक्यू उघडा.

नाताळच्या रात्री मिस्सा संपल्यावर हॉलमध्ये कॅरोल वाजलं. मामा पहिल्या रांगेत होते. पायाने ठेका धरलेला मी पाहिला. बाहेर आल्यावर विचारलं, “मामा, आता?”

“सूर लागला गं,” ते म्हणाले. मग थोडं थांबून, “पण शाई अजून ओली हाय.”

म्हणजे अजून काम आहे. यावेळी मी फाइल काढून बघितली नाही. त्यांनाच विचारलं, ओली म्हणजे कशी?